फोन हरवला आणि पासवर्ड मॅनेजर त्यातच होता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाद्वार रोडची संध्याकाळ, सीबीएसवर एसटीत चढतानाची रेटारेटी, जोतिबाच्या खेट्यांचे रविवार, नवरात्रातली अंबाबाईच्या दर्शनाची रांग. कोल्हापुरात फोन जायच्या जागा साधारण ठरलेल्या आहेत. फोन परत कसा मिळवायचा हे सांगणारे खूपजण भेटतात. हे पान मुख्यतः त्यातल्या पासवर्ड मॅनेजरचं, म्हणजे सगळे पासवर्ड एका 'मास्टर पासवर्ड'मागे जपून ठेवणाऱ्या ॲपचं, काय करायचं, आणि त्या गडबडीत आपण स्वतःच बाहेर कसं अडकायचं नाही, याबद्दल आहे.

फोन आत्ताच गेलाय, सगळं वाचायला वेळ नाही. आधी काय करू?

सोबतच्या माणसाचा फोन मागून घ्या आणि ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटो विंडो उघडा. पहिलं काम, हरवलेल्या फोनला दुरून लॉक लावणं. अँड्रॉइडसाठी गूगलचं 'फाइंड हब', ज्याला आधी 'फाइंड माय डिव्हाइस' म्हणायचे. आयफोनसाठी आयक्लाउडचं 'फाइंड'. दुसरं काम, सिम बंद करणं. तिसरं, पासवर्ड मॅनेजरच्या वेबसाइटवर जाऊन त्या फोनवरचं लॉगिन रद्द करणं. चौथं, बँकेला फोन. पोलीस ठाणं आणि आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक त्यानंतर.

हा क्रम उगाच लावलेला नाही. सिम बंद झालं की त्या फोनचं मोबाइल इंटरनेटही जातं, आणि मग लॉकचा आदेश फोनपर्यंत पोचतच नाही. म्हणून आधी लॉक, मग सिम. पण गूगलचा पासवर्डच आठवेना, कोड मागतंय, पुन्हा कोड मागतंय, असं करत पाच-दहा मिनिटं गेली तर मात्र हट्ट धरू नका. सिम बंद करून टाका. ओटीपी चोराच्या हातात चालू राहण्यापेक्षा लॉक लावायचं राहिलेलं परवडलं.

गूगलमध्ये लॉगिन करायला कोड हवा, आणि कोड येतो हरवलेल्या फोनवर. मग लॉक कसं लावायचं?

आयफोनवाल्यांची यातून सुटका आहे: आयक्लाउडच्या 'फाइंड' पानावर ॲपल अकाउंटचा पासवर्ड चालतो, सहा आकडी कोड लागत नाही. अँड्रॉइडमध्ये 'रिमोट लॉक' नावाची सोय आहे. 'अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक' या पानावर आपला मोबाइल नंबर टाकून फोनचा स्क्रीन लॉक करता येतो, गूगलचा पासवर्ड लागत नाही. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा फोन हवा, तो इंटरनेटवर हवा आणि ही सोय आधीच चालू केलेली हवी. फोन अजून खिशात असेल तर सेटिंग्जमध्ये 'थेफ्ट प्रोटेक्शन' शोधून आत्ताच चालू करा.

चोराला माझे सगळे पासवर्ड दिसतील का?

फोन कुठल्या अवस्थेत गेला त्यावर आहे.

स्क्रीन लॉक होती आणि पिन कुणाला माहीत नाही, तर जवळपास निश्चिंत राहा. अँड्रॉइड १० पासून पुढे बाजारात आलेल्या फोनांत सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतोच, आयफोनमध्ये तर कधीपासून असतो. शिवाय चोराने फोन बंद करून पुन्हा चालू केला तर बोटाचा ठसा चालतच नाही, पिनच टाकावा लागतो. म्हणजे चोर फोन बंद करतो तेव्हा आपल्याला वाटतं संपलं सगळं, पण पासवर्डांच्या दृष्टीने ते बरंच असतं.

फोन उघडा असताना हातातून हिसकावला, तर जे ॲप उघडं त्याला धोका. पासवर्ड मॅनेजर स्वतःचं वेगळं लॉक मागत असेल तर तो अजून बंद आहे. व्हॉट्सॲप, ईमेल आणि मेसेज मात्र उघडे आहेत.

सगळ्यात वाईट प्रकार तिसरा. मिसळीच्या काउंटरवर बिल द्यायचंय, बोटं तर्रीने माखलेली, ठसा लागत नाही, म्हणून पिन टाकला. चार आकडे, ठळक, काउंटरच्या ट्यूबलाइटखाली. शेजारी उभ्या असलेल्याने ते बघितले आणि बाहेर पडताना फोन काढून घेतला. आता तो फोन उघडू शकतो, स्वतःच्या बोटाचा ठसा त्यात भरू शकतो, आणि तुमचा पासवर्ड मॅनेजर ठशावर उघडत असेल तर तिथपर्यंत पोचायला बघतो. चांगली ॲप्स अशा वेळी अडून बसतात: फोनमध्ये नवा ठसा भरला गेला की ठशाची सोय बंद करून मास्टर पासवर्डच मागतात. पण तुमचं ॲप तसं करतं का, हे आज घरी तपासून बघायची गोष्ट आहे.

मग बोटाच्या ठशाने उघडणं बंद करू का?

नको. गर्दीत पिन टाकण्यापेक्षा ठसा चांगला, कारण ठसा कुणी बघून शिकू शकत नाही. बदलायचा असेल तर पिन बदला. चारऐवजी सहा आकडे ठेवा, आणि जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको. पासवर्ड मॅनेजरला वेगळा पिन दिला असेल तर तो फोनच्या पिनपेक्षा निराळाच हवा. बहुतेकांचा एकच असतो, आणि मग तो वेगळा पिन नावालाच उरतो.

मास्टर पासवर्ड बदलला की झालं ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे.

तुमच्या पासवर्डांची एक एन्क्रिप्ट केलेली प्रत कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि तशीच एक प्रत फोनमध्येही असते, नेट नसताना वापरता यावी म्हणून. तुम्ही दुसरीकडून मास्टर पासवर्ड बदलला तरी फोन नेटवर येईपर्यंत त्यातली जुनी प्रत तशीच राहते. चोराने फोन एअरप्लेन मोडवर टाकून ठेवला तर ती जुन्याच मास्टर पासवर्डने, किंवा तुम्ही लावलेल्या ॲपच्या पिनने उघडते. म्हणून मास्टर पासवर्ड कुणी बघितलेला नसेल तर आधी त्या फोनचं लॉगिन रद्द करा. बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरमध्ये वेबसाइटवरच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये 'डीऑथोराइज सेशन्स' आहे. त्याने सगळीकडचं लॉगिन निघतं, आणि चालू असलेलं सेशन पूर्ण संपायला तासभर लागू शकतो. वनपासवर्ड या दुसऱ्या मॅनेजरमध्ये एकट्या त्या फोनला यादीतून काढता येतं.

मास्टर पासवर्ड बदलायचा तर घरी येऊन, चहा घेऊन, स्वतःच्या कॉम्प्युटरवर बदला. दुसऱ्याच्या फोनवर, भर रस्त्यात, धडधडत्या छातीने बनवलेला नवा मास्टर पासवर्ड रात्रीपर्यंत आठवत नाही. मग चोर बाहेर, आणि आपणही बाहेर.

ती एन्क्रिप्ट केलेली प्रत कुणी फोडू शकतं का?

मास्टर पासवर्डच्या ताकदीवर आहे. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीतून ग्राहकांच्या पासवर्डांच्या बॅकअप प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, वेबसाइटांचे पत्ते मात्र उघडे होते. अशी प्रत हातात आली की चोराला घाई नसते, तो कॉम्प्युटर लावून अंदाज करत बसतो, आणि 'इतक्या वेळा चुकला, आता थांबा' म्हणणारं तिथे कुणी नसतं. ॲप्स प्रत्येक अंदाज मुद्दाम जड करतात, म्हणजे त्यासाठी एक गणित पुन्हा पुन्हा करावं लागतं. बिटवॉर्डन २०२३ पासून नव्या खात्यांसाठी ते गणित मुळात ६ लाख वेळा फिरवतं. पण पासवर्डच 'कोल्हापूर१२३' असेल तर ६ लाख काय आणि ६० लाख काय. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहा. लक्षात राहतात, अंदाज लागत नाही. गाण्याची ओळ किंवा म्हण मात्र नको.

मी वेगळं ॲप वापरत नाही, क्रोमच सगळं लक्षात ठेवतं. मला काय धोका?

तुम्हीही पासवर्ड मॅनेजरच वापरताय, फक्त त्याला वेगळा मास्टर पासवर्ड नाही. तिथे फोनचा स्क्रीन लॉक हीच किल्ली. ज्याला पिन कळला त्याला सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक पासवर्ड वाचता येतो. आयफोनच्या 'पासवर्ड्स' ॲपमध्येही, खास संरक्षण चालू नसेल तर, फोनचा पासकोड कळलेला माणूस आत जातो. त्यासाठी ॲपलने आयओएस १७.३ मध्ये 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' आणलं. ते चालू असेल तर घर-ऑफिसपासून लांब असताना पासवर्ड बघायला चेहरा किंवा ठसाच लागतो, पासकोड चालत नाही. चालू करून ठेवा.

क्रोमवाल्यांनी फोन गेल्यावर गूगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी' भागात जाऊन 'युअर डिव्हाइसेस'मधून तो फोन साइन आउट करायचा, पण लॉक किंवा इरेजचा आदेश दिल्यानंतरच. आधी साइन आउट केलं तर फाइंड हबला तो फोन सापडायचा नाही.

फोन पूर्ण पुसून टाकू का?

पिन कुणाला कळल्याची शंका असेल तर हो, लगेच. नसेल तर लॉक करून थोडं थांबायला हरकत नाही, कारण पुसल्यावर अँड्रॉइड फोन नकाशावर दिसत नाही. फोन बंद असला तरी आदेश देऊन ठेवा, तो नेटवर आला की अंमल होतो. मेमरी कार्ड मात्र पुसलं जाईलच असं नाही. आणि आयफोन पुसल्यावर 'रिमूव्ह फ्रॉम अकाउंट' दाबू नका. त्याने ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे तुमच्या पासवर्डशिवाय फोन चालू न होऊ देणारा अडसर, निघतं आणि चोराला विकायला कोरा फोन मिळतो.

आयएमईआय ब्लॉक केला म्हणजे पासवर्ड सुरक्षित झाले का?

अजिबात नाही. आयएमईआय ब्लॉकने फोन देशातल्या कुठल्याही मोबाइल नेटवर्कवर चालेनासा होतो, बस. वाय-फाय चालतं, आतला डेटा जिथल्या तिथे राहतो. हा ब्लॉक जिथून होतो ते दूरसंचार विभागाचं 'संचार साथी' पोर्टल मे २०२३ पासून देशभर खुलं आहे आणि ही सोय फार कामाची आहे, कारण त्यामुळे चोरीच्या फोनाला गिऱ्हाईक मिळत नाही आणि कुणी त्यात सिम घातलं तर माग लागतो. पण ती पासवर्डांसाठी नाही. ब्लॉक लागू झाला की दुरून पुसण्याचा आदेश पोचायचा मोबाइल इंटरनेटचा रस्ताही बंद होतो. म्हणून ते काम शेवटी.

अर्जाला पंधरा आकडी आयएमईआय, पोलीस तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि ओटीपी यायला चालू नंबर लागतो. आयएमईआय खोक्यावर असतो, बिलावर असतो, गूगलच्या फाइंड हबमध्येही दिसतो. खोकं रद्दीत घालणाऱ्यांनी आजच स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करून नंबर लिहून ठेवावा. फोनच्या नोट्समध्ये नव्हे, वहीत.

पोलीस ठाण्यात 'हरवला' म्हणू की 'चोरला'?

जे झालं ते. हरवल्याची नोंद पटकन होते, म्हणून चोरी झालेली असतानाही 'हरवला म्हणून लिहा' असा सल्ला मिळतो. संचार साथीला तीही चालते. पण पुढे बँक खात्यातून पैसे गेले तर गुन्ह्याची नोंद असणं तुमच्या बाजूचं असतं. महाद्वार रोडवर खिसा मारला गेला तर जुना राजवाडा ठाणं जवळ. पण निपाणीला जाताना एसटीत गेला आणि लक्षात कोल्हापुरात आलं, तर हद्दीचा वाद ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कुठल्याही ठाण्यात एफआयआर नोंदवता येतो. ऑनलाइन दिलेली माहितीही चालते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या.

गॅलरीतून त्याच नंबरचं नवं सिम आणलं. कॉल येतात, ओटीपी येत नाहीत. सिम खराब आहे का?

सिम चांगलं आहे. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस जाणं-येणं बंद ठेवायचं, असा नियम आहे. दुसऱ्याच्या नावाने सिम काढून पैसे लुटणाऱ्यांना आळा बसावा म्हणून. त्याचा चटका तुम्हालाही बसतो: बँकेचा ओटीपी नाही, आणि यूपीआय ॲप नव्याने जोडायला एसएमएस जावा लागतो म्हणून तेही नाही. एक दिवसापुरती रोकड जवळ ठेवा, हे आधी सांगून ठेवतो.

कॉल चालतात हे मात्र विसरू नका. गूगल अकाउंटमध्ये नंबर नोंदवलेला असेल तर कोड फोन करून सांगण्याचा पर्याय मिळू शकतो, व्हॉट्सॲपलाही 'कॉल मी' आहे. व्हॉट्सॲप नव्या फोनवर लवकर चालू करा, म्हणजे जुन्या फोनवरचं आपोआप बंद पडतं.

यूपीआय पिन फक्त माझ्या डोक्यात आहे. मग पैशाची भीती नाही ना?

थोडी आहे. यूपीआय पिन नव्याने ठरवता येतो: डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि सिमवर येणारा ओटीपी. सिम चोराकडच्या फोनमध्येच आहे. कार्डाचा फोटो गॅलरीत आहे, किंवा कार्ड खुद्द फोनच्या कव्हरमागे दहाच्या नोटेसोबत खोचलेलं आहे. कव्हरमागे कार्ड ठेवायची आपल्याकडची सवय पासवर्ड मॅनेजरच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते. आणि यूपीआय लाइटमध्ये ठेवलेले पैसे तर पिनशिवायच जातात. सिमला स्वतःचा 'सिम पिन' लावून ठेवला तर चोराला ते दुसऱ्या फोनमध्ये घालून वापरता येत नाही. तीनदा चुकीचा पिन टाकला की सिम अडकतं आणि कंपनीकडून पीयूके नंबर घ्यावा लागतो, एवढं लक्षात ठेवा.

पैसे गेलेच तर?

आधी बँक, लगेच १९३० हा सायबर हेल्पलाइन नंबर. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियम असा, की चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार येत नाही. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे गेले असतील तर कळवण्याआधीचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आपल्या जिल्ह्यात सहकारी बँकांची खाती घरोघरी आहेत. त्यांच्यासाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच परिपत्रक निघालं. तोंडी सांगून येऊ नका, तक्रार क्रमांक घ्या.

लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप त्याच फोनमध्ये होतं. आता मीच माझ्या अकाउंटमध्ये जाऊ शकत नाही.

चोरापेक्षा ही अडचण जास्त लोकांना येते. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल २०२३ पासून कोड गूगल अकाउंटला सिंक करता येतात. सिंक चालू असेल तर नव्या फोनवर लॉगिन केलं की कोड परत येतात. नसेल तर बॅकअप कोड शोधा. गूगल आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. बिटवॉर्डनचा 'रिकव्हरी कोड' वेगळा असतो. वनपासवर्डमध्ये नव्या फोनवर जायला मास्टर पासवर्डसोबत 'सीक्रेट की' लागते. ती 'इमर्जन्सी किट' नावाच्या पानावर छापलेली असते, आणि घरच्या कॉम्प्युटरवर लॉगिन असेल तर तिथेही बघायला मिळते. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवरचं लॉगिन घाईत काढू नका, आत जायचा तोच एक दरवाजा शिल्लक असू शकतो.

पासवर्ड मॅनेजर म्हणतो ईमेलवर कोड पाठवलाय. पण ईमेलचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्येच आहे!

कपाटाची किल्ली कपाटात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं झालं. बिटवॉर्डनने २०२५ पासून, दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत दुसरा कोड) लावलेली नसेल तर, नव्या उपकरणावरून लॉगिन करताना ईमेलवर कोड मागायला सुरुवात केली, आणि हा गोंधळ बराच वाढला. उपाय एकच: मुख्य ईमेलचा पासवर्ड आणि मास्टर पासवर्ड, हे दोन्ही डोक्यात आणि कागदावर. बाकीचे दोनशे मॅनेजरमध्ये राहू देत.

मास्टर पासवर्डच आठवत नाही. कंपनी परत देईल का?

देणार नाही, कारण तो तिच्याकडे नसतोच. फोनवर 'पासवर्ड मिळवून देतो' म्हणणारा भेटला तर तो लुटारू समजा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा टॅबवर अजून लॉगिन चालू असेल आणि ठशाने उघडत असेल, तर तिथून सगळं हाताने उतरवून घ्या आणि नवं खातं काढा.

मी किपास वापरतो, म्हणजे पासवर्ड कुठल्या सर्व्हरवर नाहीत, माझ्याकडच्या एका फाइलीत आहेत. मला तर कुठे लॉगिनच नाही.

मग रद्द करायलाही काही नाही. फाइल फोनमध्ये गेली, ती तिच्या पासवर्डच्या भरवशावर. दुसरी प्रत कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर आहे का, आणि ती किती जुनी, एवढाच प्रश्न. की-फाइल (पासवर्डसोबत लागणारी किल्लीची फाइल) वापरत असाल तर ती फोनमध्येच फाइलीशेजारी ठेवलेली नव्हती ना, हेही बघा.

सगळे पासवर्ड बदलायचे का?

स्क्रीन लॉक होती, पिन कुणाला माहीत नव्हता आणि लॉगिन रद्द केलंय, तर गरज नाही. पिन कळल्याची शंका असेल तर आधी ईमेल, मग बँक, मग ज्या ॲपमध्ये कार्ड साठवलंय ती. ईमेलमध्ये नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. रिकव्हरी नंबर कुणी बदललाय का, मेल दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड होतायत का, हे बघा. जुन्या फोनची पासकी (पासवर्डऐवजी चालणारी फोनमधली किल्ली) यादीत दिसली तर काढून टाका. सिनेमाच्या तिकिटांचा पासवर्ड पुढच्या महिन्यात बदलला तरी चालेल.

आमच्या वर्कशॉपचे पासवर्ड अकाउंटंटच्या फोनमध्ये होते. आता?

उद्यमनगर असो की शिरोली एमआयडीसी, जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, महावितरण आणि करंट अकाउंट, हे सगळं एकाच माणसाच्या फोनवर चालतं. टीमसाठीचा पासवर्ड मॅनेजर असेल तर ॲडमिनने त्या माणसाचं खातं तात्पुरतं बंद करावं आणि त्याच्याकडे असलेले सामायिक पासवर्ड बदलावेत, जीएसटी आणि बँक आधी. पण खरी परिस्थिती निराळी असते. तुमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये 'पासवर्ड' हा शब्द शोधून बघा. जे सापडेल तेच तुमचं खरं भांडार, आणि त्याला कसलंही लॉक नाही. पासवर्ड मॅनेजर महाग पडतो म्हणणाऱ्यांना मी इतकंच सांगतो, की बिटवॉर्डनचं एकट्याचं खातं फुकट आहे आणि कितीही उपकरणांवर चालतं.

बाबांचा फोन गेला. त्यांना यातलं काहीच कळत नाही. त्यांच्या वतीने मी काय करू?

त्यांच्याशेजारी बसा आणि रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ते दोन दिवस सांगणारच नाहीत. नवं सिम घ्यायला त्यांनाच आधार घेऊन जावं लागेल, ते तुम्हाला त्यांच्याऐवजी करता येणार नाही. बाकी त्यांचे पासवर्ड बहुतेक डायरीत असतात, आणि या एका प्रसंगात ती डायरी तुमच्या-माझ्या ॲपपेक्षा भारी ठरते. ती एसटीच्या प्रवासात सोबत नेत नाहीत ना, तेवढं बघा.

रिकव्हरी कोडचा कागद ठेवायचा कुठे?

फोनच्या कव्हरमागे नाही, पाकिटात नाही, गॅलरीत फोटो काढून तर नाहीच, तो फोटो क्लाउडवरही जातो. घरातल्या कपाटात कागदपत्रांसोबत एक, आणि भावाकडे किंवा बहिणीकडे बंद पाकिटात एक. कागदावर 'बिटवॉर्डन रिकव्हरी' असं शीर्षक घालायची गरज नाही. पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या मजल्यावर ठेवावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तळमजल्याच्या कपाटांचं काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको.

फोन चोरीला नाही गेला, रंकाळ्यात पडला.

माशांना मास्टर पासवर्ड लागत नाही. लॉगिन रद्द करायची घाई नको, वरचे स्वतःची सुटका करायचे प्रश्न तेवढे वाचा. नंतर फोन कुणी काढला आणि वाळवून चालू केला तर, म्हणून सवडीने ते लॉगिन काढून टाका.

'तुमचा आयफोन सापडला, लोकेशन बघण्यासाठी क्लिक करा' असा मेसेज आलाय.

क्लिक करू नका. लॉक झालेला फोन चोराला विकता येत नाही, म्हणून तो तुमच्याकडूनच पासकोड आणि ॲपल अकाउंटचा पासवर्ड काढून घ्यायला बघतो. पान हुबेहूब ॲपलसारखं असतं. लोकेशन बघायचं तर स्वतः आयक्लाउड उघडून बघा. आणि नकाशावरचा ठिपका गावाबाहेरच्या कुठल्या खोलीवर दिसला तर पोरं गोळा करून तिकडे जाऊ नका, ठाण्यात दाखवा.

फोन परत मिळाला. आता नेहमीसारखा वापरू?

लगेच नाही. मधल्या काळात त्यात काय घातलं गेलं ते तुम्हाला दिसणार नाही. पिन टाकून पासवर्ड मॅनेजर उघडायचा मोह टाळा. फॅक्टरी रिसेट करा, फोन अपडेट करा, नवा पिन लावा आणि मगच ॲप्स घाला. आयएमईआय ब्लॉक केला असेल तर सिम घालूनही नेटवर्क येणार नाही. संचार साथीवर 'अनब्लॉक'चा वेगळा अर्ज आहे, त्याला ब्लॉक करताना मिळालेला रिक्वेस्ट आयडी लागतो. ठाण्यातून फोन घेताना पोलिसांना तो आयडी दाखवा आणि तिथे बसल्याबसल्याच अर्ज भरून टाका.